मोठ्या शिकारीसाठी पारंपरिक धनुष्य: ड्रॉ वेट नक्की किती घ्यावं?

रानपाऊल
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षं टेकडाउन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवतोय. लिम्ब्सवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन पात्यांवर, ४० @ २८ असं लिहिलंय, म्हणजे २८ इंच ओढल्यावर ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) ४० पौंड. आतापर्यंत सगळा सराव टार्गेटवर आणि थ्रीडी पुतळ्यांवर. पुढच्या हंगामात व्हाइटटेल हरणाचा परवाना काढायचा विचार आहे, आणि ते नीट पार पडलं तर त्याच्या पुढच्या वर्षी एल्क, म्हणजे त्याहून बरंच मोठं हरीण. कंपाउंड (चाकांवरून दोऱ्या फिरणारं आधुनिक धनुष्य) घ्यायचं नाही, हे नक्की ठरलंय.

प्रश्न सरळ आहे. ४० पौंड पुरेल का? एक जण सांगतो, ५५ च्या खालचं धनुष्य घेऊन मोठ्या जनावरासमोर उभंच राहू नये. दुसरा सांगतो, ४५ भरपूर झालं. दोघंही अनुभवी आहेत, त्यामुळे कुणाचं ऐकावं तेच कळेना. माझी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे मी दोरी जिथवर ओढतो ते अंतर, अंदाजे २७ इंच, वय ३६, आणि उजवा खांदा थंडीत जरा कुरकुरतो.

---

कातळकडा
रानपाऊल, प्रश्न चांगला विचारलात, आणि धनुष्य विकत घेण्याआधी विचारलात हे त्याहून चांगलं केलंत.

सगळ्यात आधी एक करा. लिम्बवरचा आकडा विसरा. तो आकडा २८ इंचांवर मोजलेला असतो, आणि ते २८ इंचही नॉकपासून (बाणाच्या दोरीत बसणाऱ्या खाचेपासून) ग्रिपच्या, म्हणजे धरायच्या मुठीच्या, खोबणीपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच, असं धरलेलं असतं. तुम्ही २७ वर थांबत असाल तर तुमच्या बोटांवर ४० येतच नाही. या वजनाच्या धनुष्यात इंचामागे दोन-अडीच पौंड जातात. म्हणजे तुम्ही आज ३८ च्या आसपास खेचताय. हुकाचा वजनकाटा दोरीला अडकवा, हात अँकरला, म्हणजे ओढून चेहऱ्याशी नेहमी थांबतो त्या जागी, असताना बाणावर खूण करा, कुणाला तरी बघायला उभं करा आणि खरा आकडा काढा. या धाग्यात यापुढे आपण त्याच आकड्यावर बोलू. निम्मे वाद एक जण लिम्बवरचं वजन सांगतो आणि दुसरा हातातलं, म्हणून होतात.

दुसरं, जिथे शिकार करणार तिथला नियम वाचा. कोलोरॅडोत किमान ३५ पौंड लागतात. अलास्कात हरीण, कॅरिबू, काळं अस्वल यांना ४०, आणि मूस, एल्क, तपकिरी अस्वल, बायसन यांना ५०. नियमातला आकडा म्हणजे तळ. त्याच्या खाली जायचंच नाही. पण तळ गाठला म्हणजे तयारी झाली असंही नाही.

माझं मत विचाराल तर हरणाला हातातले ४२ ते ४५ पौंड पुरतात, बाण नीट बांधलेला असेल तर. एल्कला मी ४८ च्या खाली जाणार नाही. प्रौढ नर ३०० किलोच्या पुढे जातो, बरगडी जाड असते आणि कातडीवर चिखल वाळलेला असतो. आणि ५५ च्या वर बहुतेकांनी जाऊच नये. कारण नंतर लिहितो, आत्ता बाहेर निघालोय.

---

वज्रमूठ
कातळकडा यांच्याशी आदर राखून असहमत.

जनावर मोठं असेल तर ताकद जास्तच हवी. अमेरिकेतले नामांकित तिरंदाज हॉवर्ड हिल शंभर पौंडांच्या वरची धनुष्यं चालवायचे, त्यांनी आफ्रिकेत हत्ती मारला. तिकडचेच तिरंदाज आर्थर यंग आणि डॉ. सॅक्स्टन पोप यांनी १९२० साली यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलं मारली ती ७५-८५ पौंडांच्या धनुष्यांनी. त्याच्याही आधी, १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजांचं लढाऊ जहाज १९८२ ला वर काढलं, त्यात सापडलेल्या लाँगबोंच्या (लांब, सरळ धनुष्यांच्या) ड्रॉ वेटचा अंदाज १०० पौंडांच्या पुढे जातो. माणूस तोच आहे, सराव कमी झालाय एवढंच.

मी स्वतः हातात ६४ खेचतो आणि बाण आरपार जातो. समोरच्या जिवाला वेदना कमी व्हाव्यात असं वाटत असेल तर जरा घाम गाळायला काय हरकत आहे? रानपाऊल यांनी एका वर्षात ५५ गाठावं असं मला मनापासून वाटतं.

---

अस्थिबंध
खांद्यांची दुखणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो.

वज्रमूठ, मेरी रोझचं उदाहरण पूर्ण सांगायला हवं. त्या जहाजावर जे सांगाडे सापडले, त्यात खांद्याच्या टोकाचं हाड मुख्य हाडाशी न जुळलेल्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. ते हाड वयाच्या विशीपर्यंत जुळत असतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याने ते जुळलंच नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे ती माणसं वाढत्या वयातच त्या धनुष्याच्या मापाने घडली होती. ३६ व्या वर्षी आपलं हाड तसं घडणार नाही. आपल्याकडे स्नायू आणि कंडरा आहेत, आणि कंडरा फार सावकाश बळकट होतात. स्नायूला दोन महिन्यांत ताकद येते, माणसाला वाटतं आपण तयार झालो, आणि कंडरा अजून मागेच असते. दुखापती नेमक्या त्या काळात होतात.

रानपाऊल, खांदा 'कुरकुरतो' म्हणजे नक्की काय? हात वर नेताना मधल्या टप्प्यात दुखतं आणि पुढे थांबतं, असं असेल तर आधी दाखवून घ्या. वजन वाढवायचा विचार त्यानंतर. आणि वाढवाल तेव्हा एका वेळी तीन-चार पौंडच, मध्ये किमान दोन-तीन महिने जाऊ द्या.

---

रानपाऊल
@अस्थिबंध, मधल्या टप्प्यात दुखत नाही. थंडीत सुरुवातीचे चार-पाच बाण जड जातात, मग मोकळं होतं. तरीही दाखवून घेतो.

@कातळकडा, '५५ च्या वर जाऊच नये' याचं कारण ऐकायचंय.

---

कातळकडा
सांगतो. ही माझीच गोष्ट आहे आणि सांगायला अजून जड जाते.

तिशीत होतो तेव्हा मला ६२ पौंडांचा लाँगबो हवा होता. विकणाऱ्याने सांगितलं, 'वापरत राहा, सवय होईल.' झालीही. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. अंगणात वीस यार्डांवर बाण टोपीएवढ्या जागेत पडायचे. हंगामात तिसऱ्या दिवशी पहाटे मचाणावर बसलो होतो. अडीच तास हालचाल नाही, अंगात जाड जाकीट, बोटं गारठलेली. एक नर सोळा यार्डांवर आला आणि आडवा उभा राहिला. याहून चांगली संधी मिळत नाही.

मी धनुष्य उचललं आणि ओढलं. अँकर ओठाच्या कोपऱ्याशी, ही माझी जागा. त्या दिवशी बोट गालाच्या मध्यावरच थांबलं. जाकिटाची बाही, आखडलेली पाठ आणि ६२ पौंड. त्या क्षणी माणूस थांबत नाही, सोडून देतो. मीही सोडला. बाण मागे लागला, पोटात. आठ तास थांबून माग काढायला गेलो, दुसरा दिवसही पूर्ण घातला, ते जनावर मिळालं नाही. काठाशी वाळलेल्या गवतावर तपकिरी-हिरवट रक्ताचे तीन थेंब होते. ते गवत मला आजही दिसतं.

नंतर मित्राने बाजूने माझं चित्रण केलं तेव्हा कळलं. अंगणातसुद्धा मी पूर्ण ओढत नव्हतो. बाणाचं टोक धनुष्याच्या पोटापर्यंत यायचं, क्षणभर थांबायचं, आणि सोडण्याआधी अर्धा-पाऊण इंच पुढे सरकायचं. म्हणजे ६२ पौंडांचं धनुष्य घेऊन मी प्रत्यक्षात ५७-५८ च मारत होतो, आणि तेही दर वेळी वेगळं. एक इंच आखडलं की वजन जातंच, शिवाय दोरी बाणाला जेवढं अंतर ढकलते तेही कमी होतं. ज्या ताकदीसाठी मी ते धनुष्य घेतलं होतं तीच हातातून निसटत होती.

त्यानंतर ४९ वर उतरलो. बावीस वर्षं झाली, तिथेच आहे.

---

वज्रमूठ
कातळकडा, मोकळेपणाने लिहिलंत. वाचून गप्प बसलो होतो.

पण हे जास्त वजनाचं अपयश की अपुऱ्या सरावाचं? थंडीत, जाकीट घालून सराव केला असता तर?

---

कातळकडा
तर मला हंगामाच्या आधीच कळलं असतं की ६२ माझं नाही. म्हणूनच तर सांगतोय. तुम्हाला ६४ थंडीत, बसून, अँकरवर ठेवता येत असेल तर ते तुमचं धनुष्य आहे आणि मी एक शब्द बोलणार नाही. पण रानपाऊल यांना आकडा तुमच्या अंगावरून देऊ नका.

---

शून्यलंब
मी क्रोनोग्राफवर, म्हणजे बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेले आकडे देतो. धनुष्य तेच, हातात ४७ पौंड.

३८० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) बाण १८३ फूट प्रति सेकंद गेला. ५०० ग्रेनचा १६५. वेग १८ ने कमी झाला म्हणून पहिल्यांदा मन खट्टू झालं होतं. मग हिशेब मांडला. हलक्या बाणाची ऊर्जा २८.३ फूट-पौंड, जड बाणाची ३०.२. संवेग तर जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढला. कारण साधं आहे. हलका बाण निघून गेला की धनुष्यात उरलेली ऊर्जा लिम्ब्सच्या थरथरीत आणि आवाजात जाते, जड बाण ती जास्त उचलून नेतो. धनुष्य हातातसुद्धा शांत वाटतं.

आता 'जास्त वजन म्हणजे जास्त वेग, मग जनावराला हलायला वेळ मिळत नाही' हे जे सांगतात त्याबद्दल. अंतर १८ यार्ड, म्हणजे ५४ फूट. १६५ च्या वेगाने बाणाला ०.३३ सेकंद लागतो. दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात पोचतो. सतर्क हरणाला पाव सेकंदाहून जास्त वेळ मिळतो, आणि ते खाली दबून उडी घेण्याच्या तयारीत येतं. ६० पौंडांचं धनुष्य घेऊन वेग १८५ केलात तरी बाणाचा वेळ ०.२९ होतो. वाचले किती? चार शतांश सेकंद. एवढ्यासाठी खांदा पणाला लावण्यापेक्षा धनुष्य शांत करा, दोरीला लोकरीचे गोंडे बांधा, आणि मान वर करून कान टवकारलेल्या जनावरावर बाण सोडू नका.

---

प्रत्यंचा
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

माझी ड्रॉ लेंग्थ २६, हातात ४३ पौंड. नऊ हरणं घेतली, त्यातली सात आरपार. सगळी पंधरा यार्डांच्या आत. एल्कच्या मागे मी जात नाही, आणि यात मला कमीपणा वाटत नाही. माझं अंग मला ४३ देतं, त्या ४३ ने जे नीट होतं तेच मी करते.

रानपाऊलदादा, तुम्ही पौंडांबद्दल विचारताय, पण बाणाच्या टोकाबद्दल कुणीच काही बोललं नाही. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक, गोळीसारखं धक्क्याने मारत नाही, कापून मारतं. दोन्ही फुफ्फुसं कापली गेली तर हरीण काही सेकंदांत खाली येतं. आणि कमी वजनाच्या धनुष्याला धार परवडते, बोथटपणा परवडत नाही. उघडणाऱ्या पात्यांची हेड्स तर आपल्यासाठी नाहीतच, ती उघडण्यातच जोर खातात. मी दोन पात्यांचं, लांब आणि अरुंद, टोकापासूनच कापत जाणारं हेड वापरते.

हंगामाच्या आदल्या रात्री मी प्रत्येक पातं पाजळते. आधी कानस, मग बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा. दगडावर पातं फिरताना सुरुवातीला खरखर येते, मग आवाज बारीक होत जातो, आणि एका क्षणी जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा बोटावर रबरबँड ताणून पातं नुसतं टेकवते. दाब न देता तुटला तर ते हेड भात्यात जातं. रबर दबला आणि मग तुटला, तर परत दगडावर. जंगलात फिरून भात्यात घासलेलं हेड संध्याकाळी पुन्हा तपासते. सकाळी धार होती म्हणजे दुपारी असेलच असं नाही.

आणि कोन. आडवं उभं किंवा किंचित पलीकडे तोंड केलेलं, एवढंच. समोरून तोंड असेल, फऱ्याचं हाड मध्ये येत असेल, तर धनुष्य खाली.

---

वज्रमूठ
प्रत्यंचाताई, धारेबद्दलचं शंभर टक्के मान्य. माझा मुद्दा चुकांना जागा ठेवण्याचा आहे. जनावर ऐनवेळी पाऊल टाकतं, बाण दोन इंच पुढे लागतो आणि हाड लागतं. तिथे जास्तीचे पौंड कामाला येतात.

---

शून्यलंब
तिथे येतात, पण बाणाचं वजन आणि बांधणी त्याहून जास्त कामाला येते. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत मेलेल्या आणि नुकत्याच मारलेल्या मोठ्या जनावरांवर वर्षानुवर्षं बाण मारून नोंदी केल्या. त्यांचं म्हणणं, जड हाड फोडायचं तर बाण साधारण ६५० ग्रेनच्या वर हवा, आणि त्याच्याही आधी बाण मोडता कामा नये, हेड वाकता कामा नये, तो सरळ उडता हवा. डुलत जाणारा बाण आपला जोर आडव्या दिशेला घालवतो. ६० पौंडांच्या धनुष्यावरून चुकीच्या स्पाइनचा (ताठपणाचा) बाण सोडलात तर तो ४५ वरच्या नीट जुळलेल्या बाणापेक्षा कमी आत जाईल.

वजन वाढवलं की जुने बाण मऊ पडतात हे रानपाऊल यांनी लक्षात ठेवावं. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांबरोबर वीस यार्डांवर मारून बघा. उजव्या हाताने खेचत असाल आणि बिनपिसांचा उजवीकडे पडला तर बाण मऊ, डावीकडे पडला तर ताठ.

---

कातळकडा
अजून एक, कारण वज्रमूठ यांनी डॉ. पोप यांचं नाव घेतलं. पोप धनुर्विद्या शिकले ते इशीकडून, अमेरिकेतल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीच्या शेवटच्या माणसाकडून. इशी १९१६ मध्ये गेला. त्याचं स्वतःचं धनुष्य पन्नासच्या आतलं होतं, आणि हरणाची शिकार तो तेवढ्यावर करायचा. गुरूचं धनुष्य हलकं, शिष्याचं जड. गुरू जनावराच्या किती जवळ जाऊ शकत होता, हा त्यातला फरक. पोप यांनी तेही लिहून ठेवलंय, इशीच्या दबकत चालण्याचं त्यांना फार कौतुक होतं.

---

रानपाऊल
सगळ्यांचे मनापासून आभार. आता एकच शंका. 'हे वजन आपलं आहे' हे ओळखायचं कसं? सरावात शंभर बाण मारता आले म्हणजे झालं का?

---

कातळकडा
शंभरावा बाण बघू नका, पहिला बघा. जंगलात अंग गरम करायला कुणी वेळ देत नाही. सकाळी उठलात की काहीही न करता, हंगामात घालणार तेच जाकीट घालून, खुर्चीवर बसून एकच बाण मारा. धनुष्य आकाशाकडे न नेता, झटका न देता, सावकाश ओढता आलं पाहिजे. जनावर बघत असताना हात डोक्यावर गेला तर खेळ तिथेच संपतो. अँकरवर आठ सेकंद मोजा, बाणाचं टोक जागचं हलता कामा नये, आणि मग सोडा. मग तसंच ओढून, न सोडता, सावकाश परत आणा. हे परत आणणं फार महत्त्वाचं आहे. जे धनुष्य परत आणता येत नाही ते तुमच्याकडून बाण सोडवून घेतं.

महिनाभर रोज तो एक बाण वहीत लिहा. तीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस वेळा छातीच्या मापात बसला तर ते वजन तुमचं. नाही बसला तर लिम्ब्स उतरवा. टेकडाउन आहे ना तुमचं, मग फक्त लिम्ब्स बदलायच्या आहेत, धनुष्य नाही.

---

अस्थिबंध
आणि परत आणताना खांदा वर, कानाकडे चढतोय का ते आरशात बघा. चढत असेल तर पाठ दमली आहे आणि खांदा ओझं वाहतोय. त्या दिवशी तिथेच थांबा.

---

रानपाऊल
पाच महिन्यांनी परत लिहितोय, कारण धागा अर्धवट सोडणं बरं वाटत नव्हतं.

खांदा दाखवला, दुखापत नव्हती, पाठीचे व्यायाम दिले ते करतोय. जुनं धनुष्य काट्यावर लावलं. ड्रॉ लेंग्थ २७ नव्हतीच, २६ आणि पाऊण निघाली. हातात ३७. म्हणजे दोन वर्षं मी ४० खेचतोय असं सगळ्यांना सांगत होतो ते तीन पौंडांनी चूक होतं.

आधी ४५ @ २८ च्या लिम्ब्स घेतल्या, हातात ४२ आले. पहिल्या महिन्यात वहीत तीसपैकी एकोणीस. मन खचलं होतं, पण प्रत्यंचाताईंचं 'माझं अंग मला ४३ देतं' हे वाक्य आठवत राहिलं. तिसऱ्या महिन्यात अठ्ठावीस झाले. बाण ५१० ग्रेनचे बांधले, बिनपिसांचा आता इतरांबरोबरच पडतो.

गेल्या आठवड्यात ४८ च्या लिम्ब्स एका मित्राकडून महिन्यासाठी मागून आणल्या. हातात ४५ येतात. संध्याकाळी छान वाटतं. सकाळच्या पहिल्या बाणाला मात्र टोक पुढे सरकतं, अगदी थोडं, पण मोबाइलवर स्पष्ट दिसतं. तेव्हा या हंगामात हरणासाठी ४२, अंतर पंधरा यार्ड. एल्कचा परवाना पुढच्या वर्षी काढणार नाही. वही चालू ठेवतोय.

---

वज्रमूठ
रानपाऊल, मी ५५ म्हणालो होतो. तुमचा प्रतिसाद वाचून काल सकाळी अंग न तापवता, जाकीट घालून, खुर्चीत बसून माझं ६४ ओढलं. सहाव्या सेकंदाला टोक सरकलं. ५८ च्या लिम्ब्स कपाटात आहेत, आज त्या चढवतोय.

---

प्रत्यंचा
रानपाऊलदादा, ४२ वर नक्की जमेल. हेड्स कुठली घेतलीत आणि कानस कोणती वापरताय ते लिहा, पाजळण्यासाठी वेगळा धागा काढते.